७१ लाख ४० हजार: भोसरीतल्या एका कारखान्याच्या देण्यांचं प्रकरण

भोसरी एमआयडीसीत गुरुवारी सुट्टी असते. पत्रा दाबणारे प्रेस बंद, कॉम्प्रेसर बंद, चहावाल्याची फेरीही नाही. रखडलेलं हिशेबाचं काम म्हणून मी गुरुवारीच उरकते. २१ मार्च २०२४ हा असाच एक गुरुवार. ज्या कारखान्याचे हिशेब मी आठवड्यातून दोन दिवस बघते, तिथले थोरले भागीदार, ज्यांना सगळे दादा म्हणतात, केबिनमध्ये आले आणि उभ्या उभ्याच म्हणाले, "मॅडम, सीसीत सोळा लाख पडलेत ना? त्यातले बारा काढायचेत. चाकणला दीडशे टनी प्रेस बघून आलोय. सेकंड हँड आहे, पण बॉडी एकदम चांगली."

सीसी म्हणजे बँकेचं कॅश क्रेडिट, लागेल तसं काढायचं कर्ज. त्याची मर्यादा ४० लाखांची, त्यातले २४ वापरून झालेले. उरलेले सोळा 'पडलेले' नव्हते, ते अजून न काढलेलं कर्ज होतं. पण त्यावर वाद घालण्यापेक्षा मी टॅलीत, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये, क्रेडिटर्सचा (ज्यांचे पैसे द्यायचेत त्यांचा) ग्रुप उघडला आणि स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. खाली बेरीज होती ७१ लाख ४० हजार.

"ते नेहमीचंच आहे," दादा म्हणाले. "धंदा म्हटला की देणी असणारच."

खरं आहे. पण त्या बेरजेत काय काय दडलंय, हे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. मीही नीट पाहिलं नव्हतं, हे आधीच कबूल करते. पुढचे दहा दिवस त्यातच गेले. कारखान्याचं नाव देत नाही. आकडेही ओळख पटू नये इतपत हलवलेत, प्रमाणं मात्र तीच ठेवलीत.

कारखाना दोघा भावांच्या भागीदारीतला. पत्र्याचे ब्रॅकेट आणि छोटे प्रेस-पार्ट बनवून वाहन कंपन्यांच्या मोठ्या पुरवठादाराला द्यायचे. वर्षाची विक्री सहा कोटींच्या आसपास, आणि खरेदी व जॉबवर्क मिळून ४ कोटी २० लाख, जीएसटी सोडून. पत्रा व्यापाऱ्याकडून येतो. प्लेटिंग, हीट ट्रीटमेंट आणि थोडं टर्निंग आजूबाजूच्या गाळ्यांतून होऊन येतं, तेच जॉबवर्क.

आता 'देणी' या शब्दाबद्दल थोडं. देणी, म्हणजे अकाउंट्स पेएबल, हे उधारीवर घेतलेल्या मालाचे आणि कामाचे द्यायचे राहिलेले पैसे. कॉमर्सच्या पुस्तकात त्यांना 'विविध धनको' म्हणतात, टॅलीत 'सन्ड्री क्रेडिटर्स', आणि बाजारात ते घेणेकरी. बँकेचं कर्ज यात येत नाही, कामगारांचे पगार येत नाहीत, सरकारला भरायचा जीएसटी किंवा टीडीएसही येत नाही. त्यांची खाती वेगळी. माझ्या मते गोंधळाचं मूळ असं की क्रेडिटर्सची बेरीज एकच दिसते म्हणून ती एकच गोष्ट वाटते. प्रत्यक्षात तिच्यात कुणाचं आज द्यायचं असतं, कुणाचं महिन्याने, कुणाचं तीन वर्षांपूर्वीच द्यायला हवं होतं, आणि काही खाती तर उलट आपल्यालाच देणं लागत असतात.

सुरुवात या उलट्या खात्यांपासून केली. टूलरूमला डायसाठी (पत्र्याला आकार देणाऱ्या साच्यासाठी) दिलेला साडेतीन लाखांचा अॅडव्हान्स आणि एका पुरवठादाराला प्रोफॉर्मावर (मालाआधी येणाऱ्या कच्च्या बिलावर) आधीच भरलेले १ लाख ७० हजार. हे दोन्ही क्रेडिटर्सच्या ग्रुपमध्ये नावे शिल्लक (म्हणजे आपलं येणं) म्हणून बसले होते आणि बेरजेतून गुपचूप वजा होत होते. म्हणजे देणी ७१.४ नव्हती, ७६.६ लाख होती. टूलरूमला अॅडव्हान्स दिला म्हणून प्लेटिंगवाल्याचं देणं काही कमी होत नाही. ताळेबंदात हे अॅडव्हान्स मालमत्तेच्या बाजूला जायला हवेत.

मग सुपरवायझरचं टेबल. तिथे एक खण आहे, ज्यात गेट पास, बेअरिंगचे रिकामे डबे, स्पॅनर आणि बिलं एकत्र नांदतात. जॉबवर्कचा माल परत आला की बिल सुपरवायझरच्या हातात पडतं, तो सही करतो आणि खणात टाकतो. त्यातून ४ लाख ३० हजारांची बिलं निघाली, सगळ्यात जुनं जानेवारीचं. माल आला, वापरला, ग्राहकाला विकलासुद्धा, आणि आमच्या पुस्तकात खर्चच नव्हता. दादांना फेब्रुवारीचा नफा बरा वाटत होता, त्यातला थोडा या खणात होता.

उलट बाजूच्या चुकाही सापडल्या. फास्टनरवाल्याचं १ लाख १८ हजारांचं एक बिल दोनदा चढलं होतं. एकदा ई-मेलने आलेल्या कॉपीवरून '१२४' म्हणून, आणि एकदा मालासोबतच्या कॉपीवरून आर्थिक वर्षासकट पूर्ण नंबर टाकून. दोन वेगळे नंबर म्हटल्यावर टॅलीने हरकत घेतली नाही. चूक पकडली गेली ती जीएसटीआर-२बी, म्हणजे जीएसटी पोर्टलवरचं आपल्या खरेदीचं विवरण, जुळवताना. पुरवठादाराने भरलेली बिलंच तिथे दिसतात आणि त्यात हे एकदाच होतं. देण्यांचा ताळा घ्यायला इतकं सोपं साधन दुसरं नाही, पण बहुतेक ठिकाणी ते फक्त इनपुट क्रेडिट (खरेदीवर दिलेल्या जीएसटीची वजावट) मोजायला वापरतात. शिवाय पत्र्याचा ९२ हजारांचा खराब माल व्यापाऱ्याला परत गेला होता, गेट पास होता, डेबिट नोट (परत गेलेल्या मालाचे पैसे देण्यांतून वजा करणारा कागद) मात्र कुणी काढलीच नव्हती.

७६.६ मध्ये ४.३ मिळवले, १.१८ आणि ०.९२ वजा केले. खरा आकडा ७८ लाख ८० हजार.

आमची बँक ड्रॉइंग पॉवर, म्हणजे सीसीतून किती काढता येईल तो आकडा, काढताना साठ्याच्या किमतीतून क्रेडिटर्स वजा करते, कारण पैसे न दिलेल्या मालावर ती कर्ज देत नाही. म्हणजे आम्ही महिनोन् महिने चुकीचं स्टॉक स्टेटमेंट देत होतो. मंजूर मर्यादाच ४० लाखांची आणि ड्रॉइंग पॉवर तिच्या बरीच वर, म्हणून यातून निभावलं.

'आपण किती दिवसांनी पैसे देतो' हे काढायचं गणित साधं आहे: देणी भागिले वर्षाची खरेदी, गुणिले ३६५. फक्त देण्यांत जीएसटी धरलेला असतो, तेव्हा खरेदीही जीएसटीसकट घ्यायला हवी. आमची ती साधारण ४ कोटी ९० लाख. जुन्या आकड्याने उत्तर येतं ५३ दिवस, दुरुस्त आकड्याने ५९. जीएसटीशिवायची खरेदी घेतली तर जुन्याच आकड्यावर ६२ दिवस दिसले असते. ही चूक मी चांगल्या प्रोजेक्ट रिपोर्टांतही पाहिली आहे. आणि सरासरी कितीही बरोबर काढली तरी ती इथे निरुपयोगीच होती. पत्र्याच्या व्यापाऱ्याला आम्ही ३०-३५ दिवसांत देत होतो, कारण त्याने गाडी थांबवली की प्रेस थांबतात. प्लेटिंगवाल्याला तीन महिने लागत होते, कारण तो काही थांबवत नाही. जो ओरडेल त्याला आधी पैसे, हेच आमचं पेमेंट धोरण होतं.

मार्च २०२४ मध्ये हे धोरण महागात पडणार होतं. आयकर कायद्याच्या कलम ४३बी मध्ये 'एच' हे पोटकलम २०२३ च्या वित्त कायद्याने आलं आणि २०२३-२४ हे त्याचं पहिलंच वर्ष. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाला द्यायची रक्कम २००६ च्या एमएसएमई कायद्यातल्या मुदतीत दिली नाही आणि ३१ मार्चलाही ती बाकी राहिली, तर तो खर्च त्या वर्षी वजा मिळत नाही. प्रत्यक्ष पैसे देऊ त्या वर्षी मिळतो. मुदत किती? लेखी करार नसेल तर माल स्वीकारल्यापासून १५ दिवस, करार असेल तर त्यात ठरलेली, पण जास्तीत जास्त ४५. बोनस किंवा जीएसटीसारखी देणी रिटर्नच्या तारखेपर्यंत भरली तरी चालतात, ती सवलत इथे नाही.

"आमच्या पीओवर नव्वद दिवस छापलेलंय," दादा म्हणाले. पीओ म्हणजे खरेदीची लेखी ऑर्डर.

"ते पंचेचाळीसच धरलं जाणार."

"आणि ज्यांना पीओ दिलीच नाही त्यांचं?"

"पंधरा."

धाकट्या भावाने एक युक्ती सुचवली: कोण लघु, कोण सूक्ष्म हे विचारूच नये, म्हणजे आपल्याला माहीत नव्हतं असं म्हणता येईल. टॅक्स ऑडिटच्या रिपोर्टात ही माहिती सीएंना द्यावीच लागते, तेव्हा ती युक्ती चहा संपायच्या आत निकालात निघाली. व्हॉट्सअॅपवर सगळ्यांकडे उद्यम सर्टिफिकेट, म्हणजे छोट्या उद्योगांच्या सरकारी नोंदणीचा दाखला, मागितलं. एकाने लाइट बिल पाठवलं. दोघांना आपली नोंदणी आहे हेच माहीत नव्हतं, मुलाने बँकेच्या कर्जासाठी कधीतरी करून ठेवली होती.

७८.८ लाखांची वाटणी अशी निघाली. पत्र्याच्या व्यापाऱ्याचे ३१ लाख. व्यापाऱ्यांना २०२१ पासून उद्यम नोंदणी मिळते खरी, पण ती प्राधान्य क्षेत्रातल्या कर्जापुरती, उशिराच्या पेमेंटचं संरक्षण त्यात नाही. आमच्या सीएंनी तेच धरलं आणि हे ३१ लाख नियमाबाहेर ठेवले. मध्यम आणि मोठ्या कंपन्यांचे ९.४ लाख, त्याही बाहेर. २ लाख ६० हजार कोविडच्या काळात बंद पडलेल्या एका पुरवठादाराचे. फोन लागत नाही, खातं तसंच पडलेलं. त्यात एक वेगळाच काटा निघाला. बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत पैसे दिले नाहीत तर घेतलेलं इनपुट क्रेडिट परत करावं लागतं. यातला ३९ हजार ७०० च्या आसपासचा जीएसटी आम्ही आरामात वापरून मोकळे झालो होतो. तो व्याजासकट भरला.

उरले ३५.८ लाख. हे सगळे सूक्ष्म आणि लघु: प्लेटिंग, हीट ट्रीटमेंट, टर्निंग, पॅकिंगचे खोके बनवणारा. यातल्या १४.३ लाखांची मुदत ३१ मार्चला संपत नव्हती, ते एप्रिलमध्ये वेळेत दिले की प्रश्न नव्हता. २१.५ लाख मुदत उलटलेले. जीएसटी वगळून साधारण १८.७ लाखांचा खर्च नाकारला जाणार, आणि भागीदारी फर्मचा कर सेससकट ३१.२ टक्के, म्हणजे ५ लाख ८३ हजार जास्तीचा कर. पुढच्या वर्षी पैसे दिल्यावर वजावट मिळते हे खरं, पण कर आत्ता रोख जातो.

दादांनी तो आकडा माझ्याकडून पेनाने कागदावर लिहून घेतला आणि शर्टाच्या खिशात ठेवला. प्रेसचा विषय त्या दिवशी परत निघाला नाही.

शनिवारी प्लेटिंगवाले काका आले. अॅक्टिवाच्या डिकीतून बिलबुक काढलं, माझ्या टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवलं आणि नेहमीसारखे गप्प बसले. त्यांचे आमच्याकडे ६ लाख ८० हजार होते. दादांनी या वेळी त्यांना केबिनमध्ये बोलावलं आणि विचारलं, "काका, खरं सांगा, उशीर होतो म्हणून काही लावता का आम्हाला?"

काका आधी हसले. मग म्हणाले, "शेठ, राग मानू नका. बाजूच्या गाळ्याचा माल मी सतरा रुपये किलोने करतो. ते आठवड्याला हिशेब करतात. तुमचे पैसे तीन महिन्यांनी येतात. मधे झिंकवाला थांबत नाही, लाइट बिल थांबत नाही. म्हणून तुम्हाला अठरा."

काका गेल्यावर मी कॅल्क्युलेटर पुढे सरकवला. सतरावर एक रुपया म्हणजे ५.८८ टक्के, नव्वद दिवसांसाठी. वर्षाचा दर जवळपास २४ टक्के. आमची सीसी साडेदहाने होती. बँकेकडून साडेदहाने घेऊन काकांना वेळेवर द्यायचं सोडून आम्ही काकांकडूनच चोवीसने घेत होतो, आणि त्याला उधारी फुकट आहे असं समजत होतो. हे व्याज कुठल्याच खात्यात दिसत नाही, ते खरेदीच्या दरात मुरलेलं असतं.

याशिवाय कायद्याने लागणारं व्याज वेगळंच. मुदत उलटली की रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ. तेव्हा बँक रेट ६.७५ होता, म्हणजे २०.२५ टक्के. काकांच्या एकट्या २ लाख ४० हजारांच्या बिलावर दोन महिन्यांचं ते ८ हजार १६८ होतं. ते दिलं तरी आयकरात खर्च म्हणून मिळत नाही. काका ते कधीच मागणार नाहीत. सरकारी पोर्टलवर तक्रार करता येते हे त्यांना कुणी सांगितलं तरी करणार नाहीत, कारण उद्याचं काम आमच्याकडूनच यायचं असतं. कायदा इथे जरा भाबडा आहे असं मला वाटतं. छोट्या माणसाने मोठ्याविरुद्ध दाद मागावी अशी त्याची अपेक्षा. आयकराच्या कलमाने ते ओझं देणाऱ्याच्या खिशावर टाकलं, म्हणून निदान आमच्यासारखे हलले.

देणी हे कर्जच आहे हे विसरायची सवय फक्त भोसरीत नाही. ब्रिटनमधली कॅरिलियन ही बांधकाम कंपनी जानेवारी २०१८ मध्ये बुडाली. ती पुरवठादारांना १२० दिवसांची मुदत लावत होती. लवकर पैसे हवे असतील तर बँक ते कापून देई आणि कंपनी बँकेला नंतर भरे. बँकेचं हे देणं ताळेबंदात कर्जाच्या ओळीत नाही, इतर धनकोंच्या ओळीत बसलं होतं. बुडाली तेव्हा अंगावर जवळपास ७ अब्ज पौंड आणि हाताशी २ कोटी ९० लाख पौंड रोख होते.

आमच्याकडे ३१ मार्चपर्यंत हाताशी येणार होते साडेसत्तावीस लाख: सीसीतले सोळा आणि २८ तारखेला ग्राहकाकडून साडेअकरा. द्यायचे होते मुदत उलटलेले साडेएकवीस आणि पत्र्याचे नऊ. प्रेस घेतला असता तर हातात साडेपंधराच राहत होते. छोट्यांना १७ लाख ९० हजार दिले, सगळे एनईएफटीने. ३१ मार्चची तारीख टाकून चेक द्यायचे आणि एप्रिलात वटवायचे ही जुनी खोड या वेळी नको म्हटलं. व्यापाऱ्याला नऊपैकी चार दिले, बाकीचे एप्रिलच्या पगारासाठी राखले.

राहिले टर्निंगवाल्याचे ३ लाख ६० हजार. "मापात फरक होता, एक रुपया देणार नाही," यावर दादा अडून बसले. कायद्यात हरकतीला जागा आहे, पण ती माल मिळाल्यापासून १५ दिवसांत आणि लेखी घ्यावी लागते. दादांनी ती फोनवर घेतली होती, बऱ्याच मोठ्या आवाजात. त्यामुळे ३ लाख १० हजारांचा खर्च त्या वर्षी गेला आणि ९७ हजारांचा कर भरावा लागला. टर्निंगवाल्याशी मे महिन्यात मिटलं.

सगळं सुरळीत झालं असं नाही. पाच लाख बारा दिवस उशिरा गेले म्हणून पत्र्याच्या व्यापाऱ्याने १८ टक्क्यांनी व्याज लावलं. ते तीन हजारांच्या आत होतं, पण त्याने एक कॉइलही अडवून ठेवली आणि एप्रिलमध्ये एक अख्खी शिफ्ट रिकामी गेली. दादा ते अजून मला ऐकवतात. प्रेस ऑगस्टमध्ये टर्म लोनवर घेतला. मशिनसाठी खरं तर तेच कर्ज योग्य होतं.

आता बिल आलं की गेटवरच इनवर्डचा शिक्का बसतो. पीओ, जीआरएन (माल मिळाल्याची नोंद) आणि बिल तिन्ही जुळल्यावरच मी एन्ट्री करते, आणि टॅलीत प्रत्येक बिलाला देय तारीख पडते. दर गुरुवारी पुढच्या पंधरा दिवसांत कुणाचं काय द्यायचं त्याची यादी दादांच्या टेबलावर असते. काकांना ३० दिवसांत पैसे जातात, दर सतरा. सुपरवायझरच्या खणात आता फक्त स्पॅनर असतात, असं तो म्हणतो.

यादी तयार करताना दादांना एकदा सुचलं, "मॅडम, आपणही लघु उद्योगच आहोत ना? मग ग्राहकाने आपल्याला नव्वद दिवसांनी का द्यायचं?" आमचं उद्यम सर्टिफिकेट जोडून मेल गेला. तीन आठवड्यांनी त्यांच्या पर्चेसमधून फोन आला: पंचेचाळीस दिवसांत देऊ, पण रेटमध्ये दीड टक्का कमी करा.

दादांनी फोन बाजूला धरला आणि माझा कॅल्क्युलेटर ओढला. साडेदहा, गुणिले पंचेचाळीस, भागिले तीनशे पासष्ट. १.२९ आलं.

"दीड जमणार नाही साहेब," ते फोनवर म्हणाले. "सव्वा देतो."